कुत्र्याला, बैलाला सुया टोचून दुखणं थांबतं का? ॲक्युपंक्चरबद्दल खरं काय, खोटं काय

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर असे व्हिडिओ अधूनमधून फिरत असतात. म्हातारा कुत्रा चटईवर पडलाय, पाठीवर दहा-बारा बारीक सुया उभ्या आहेत आणि तो ओरडायचं सोडून चक्क पेंगतोय. पुढच्या दृश्यात तोच कुत्रा अंगणात चालताना दिसतो. मग खाली विचारणा सुरू होते. "आमच्या मोत्याचे मागचे पाय गेलेत, त्याला चालेल का?" "बैल लंगडतोय, हे कुठं करतात?"

थोडक्यात उत्तर असं आहे: काही दुखण्यांत या सुयांचा उपयोग होतो, पण तो इतर उपचारांच्या जोडीला. दुखणं कशाचं आहे हे न शोधता सुया टोचल्या, तर वेळ जातो, आणि कधी कधी जनावरही जातं. म्हणून या उपचाराचं खरं-खोटं नीट समजून घेतलेलं बरं.

ही सुई म्हणजे इंजेक्शन नव्हे

आपल्याकडे सुई मारली म्हटलं की इंजेक्शन आठवतं. ॲक्युपंक्चरची सुई वेगळी. ती भरीव असते, तिला भोक नसतं, त्यामुळे तिच्यातून औषध जात नाही. कुत्र्या-मांजरांसाठी वापरायची सुई साधारण पाव मिलिमीटर जाडीची, म्हणजे नेहमीच्या इंजेक्शनच्या सुईपेक्षा बरीच बारीक असते. गाई-बैल आणि घोड्यांची कातडी जाड, म्हणून त्यांच्यासाठी जरा जाड आणि लांब सुया लागतात.

शरीरावरच्या ठरावीक जागी या सुया टोचतात आणि साधारण पंधरा मिनिटं ते अर्धा तास तशाच ठेवतात. काही वेळा दोन सुयांना चिमटे लावून अगदी हलका वीजप्रवाह सोडतात. त्याला इलेक्ट्रो-ॲक्युपंक्चर म्हणतात. सुई टोचताना जनावर थोडं दचकतं, पण बरीच जनावरं नंतर सैलावतात, काही तर झोपतात. एका वेळेत काम होत नाही. सुरुवातीला आठवड्यातून एक-दोनदा, असं काही आठवडे करून मग फरक पाहतात.

सुरुवात जनावरांच्या कामातूनच

ही पद्धत मूळ चीनमधली. तिथं ती माणसांपुरती नव्हती. लढाईचे घोडे आणि शेतीचे बैल हीच त्या काळची खरी दौलत, म्हणून त्यांच्यावरही सुया वापरल्या जात. घोड्यांच्या उपचारांवरचा एक प्रसिद्ध चिनी ग्रंथ १६०८ सालचा आहे, त्यातही सुयांच्या जागा दिलेल्या आहेत. घरातल्या कुत्र्या-मांजरांना सुया लावणं ही त्या मानानं अलीकडची गोष्ट. अमेरिकेत १९७० नंतर पशुवैद्यकांनी तिकडे लक्ष दिलं आणि १९७४ मध्ये जनावरांच्या ॲक्युपंक्चरची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. आज बऱ्याच देशांत पशुवैद्यक पदवीनंतर याचं वेगळं शिक्षण घेतात. आपल्याकडे मोठ्या शहरांतल्या काही मोजक्या दवाखान्यांत ही सोय मिळते. तालुक्याच्या ठिकाणी सहसा मिळत नाही.

सुईनं दुखणं कमी कसं होतं?

जुन्या चिनी समजुतीप्रमाणे शरीरात 'ची' नावाची शक्ती ठरावीक वाटांनी वाहते आणि सुई तिचा अडथळा काढते. अशी वाट शरीर उघडून कुणाला दिसलेली नाही. आजचे पशुवैद्यक वेगळं कारण सांगतात.

सुई टोचली की त्या जागच्या नसा जाग्या होतात. तो निरोप पाठीच्या कण्यातून मेंदूकडे जातो. मग शरीर स्वतःच वेदना दाबणारे पदार्थ सोडतं, त्यांना एन्डॉर्फिन म्हणतात. अफूपासून बनणारी वेदनाशामक औषधं शरीरात ज्या जागी काम करतात, हे पदार्थही तिथंच काम करतात. १९७० च्या दशकातल्या प्रयोगांत असं दिसलं, की अफूचा असर उतरवणारं औषध आधी दिलं तर सुईचा वेदनाशामक परिणामही कमी होतो. २०१० मध्ये उंदरांवरच्या एका अभ्यासात सुईच्या आसपास ॲडेनोसिन नावाचा पदार्थ वाढलेला आढळला. तोही वेदनेचा निरोप मंद करतो. शिवाय आखडलेला स्नायू सुईनं सैल पडतो.

म्हणजे सुई दुखणं हलकं करू शकते. पण झिजलेला सांधा सुईनं पुन्हा भरून येत नाही, मोडलेलं हाड जुळत नाही आणि जंतू मरत नाहीत. एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी पुढचे गोंधळ टळतात.

उपयोग कुठं होतो?

सर्वात जास्त वापर होतो तो म्हाताऱ्या कुत्र्यांच्या सांधेदुखीत. कंबरेचा खुबा आणि गुडघा झिजलेला असतो, कुत्रा उठताना कण्हतो, पायरी चढत नाही. अशा वेळी औषध, वजन कमी करणं आणि हलका व्यायाम यांच्या जोडीला सुया लावल्या तर काही कुत्र्यांना आराम पडतो. पोट किंवा मूत्रपिंड नाजूक असलेल्या जनावराला वेदनाशामक गोळ्या फार देता येत नाहीत, तिथंही डॉक्टर या उपायाचा विचार करतात.

दुसरा वापर पाठीच्या मणक्यातली गादी सरकून मागचे पाय लुळे पडतात तेव्हा. लांब पाठीच्या, आखूड पायांच्या डॅशहुंड कुत्र्यांत हे फार होतं. २००७ मध्ये अशा ५० कुत्र्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसत्या औषधावरच्या कुत्र्यांपेक्षा औषध आणि इलेक्ट्रो-ॲक्युपंक्चर दोन्ही मिळालेले कुत्रे लवकर आपल्या पायावर चालू लागले. पाय लुळे पडले पण संवेदना शिल्लक होती अशा कुत्र्यांना सरासरी वीस दिवसांऐवजी दहा दिवस लागले. ज्यांच्या पायाची खोलवरची संवेदनाच गेली होती, त्यांच्यात मात्र असा ठाम फरक दिसला नाही.

आता दुसरी बाजू. २००६ मध्ये जनावरांच्या ॲक्युपंक्चरवरचे तोवरचे अभ्यास गोळा करून तपासले गेले. काही ठिकाणी आशा वाटावी असे निकाल होते, पण बरेचसे अभ्यास लहान आणि कच्चे निघाले. कुठल्याही एका आजारासाठी ही पद्धत ठामपणे सुचवावी किंवा ठामपणे नाकारावी, एवढा पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला. त्यानंतर वेदनेच्या उपचाराबद्दलच्या पशुवैद्यकांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात ॲक्युपंक्चरला जागा मिळाली, तीही इतर उपचारांच्या जोडीला. म्हणून 'शंभर टक्के गॅरंटी' म्हणणारा भेटला तर तिथंच सावध व्हावं.

तिवा गेला, नाव सुईचं झालं

उपचारानं बरं वाटलं की आपोआप, हे ओळखणं सोपं नसतं. याचं आपल्या गोठ्यातलं उदाहरण म्हणजे तिवा, तीन दिवसांचा ताप. पावसाळ्याच्या सुमारास डास-चिलटांमुळे हा पसरतो. गाय-बैल अचानक लंगडतो, आज या पायानं तर उद्या त्या पायानं, चारा सोडतो, अंग आखडतं. बहुतेक जनावरं तीन-चार दिवसांत उठून खायला लागतात. दुसऱ्या दिवशी कुणी डाग दिला, झाडपाला बांधला किंवा सुया टोचल्या, तर चौथ्या दिवशी श्रेय त्यालाच मिळतं. पुढच्या वेळी लंगडण्याचं कारण फऱ्या असलं तरी माणूस त्याच उपायाकडे धावतो, आणि तिथं घात होतो.

कुत्र्यांचंही तसंच. सांधेदुखी कधी वाढते, कधी आपसूक उतरते. शिवाय आपल्याला बरं वाटावंसं वाटत असतं, म्हणून आपल्या डोळ्यांना ते बरं दिसतं. लंगड्या कुत्र्यांना औषध म्हणून नुसती खोटी गोळी दिली, तरी पायावरचा भार यंत्रानं मोजल्यावर फरक नसताना मालकांना सुधारणा दिसते, असं अभ्यासात आढळलं आहे. डॉक्टरांचीही अशी फसगत होते.

यावर उपाय प्रत्येकाच्या खिशात आहे. उपचार सुरू करण्याआधी जनावराला सपाट जमिनीवर चालवून मोबाईलवर व्हिडिओ काढावा, एक बाजूनं, एक मागून. दर आठवड्याला त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा काढावा. महिन्यानं सगळे व्हिडिओ शेजारी ठेवून पाहिले की खरं काय ते दिसतं. डॉक्टरांनाही हे व्हिडिओ फार कामाला येतात, कारण दवाखान्यात नेल्यावर घाबरलेलं जनावर बऱ्याचदा लंगडणं लपवतं.

या दुखण्यांत सुईची वाट बघू नका

लंगडणं हा आजार नाही, ती खूण आहे. तिच्यामागे काय आहे ते आधी पाहावं लागतं.

खुरात खिळा, काटा किंवा खडा घुसला असेल, खुरं वाढली असतील, तर ते काढणं आणि खुरं साळणं हाच उपाय.

बैल-गाईचा मागचा पाय ताठ होऊन मागं ओढला जातो, खूर जमिनीला घासतं आणि मग पाय झटक्यानं पुढं येतो, असं असेल तर बहुतेक वेळा गुडघ्याची वाटी वर अडकलेली असते. या दुखण्यापायी असंख्य बैलांना डाग बसले आहेत. खरं तर पशुवैद्यक जागा बधिर करून छोटासा छेद घेतात, वाटीला ओढून धरणारा एक पट्टा सोडवतात, आणि बहुतेक जनावरं लगेच सरळ पाय टाकू लागतात. इथं ना डाग लागतो, ना ॲक्युपंक्चर.

धडधाकट तरुण जनावर एकाएकी लंगडलं, अंगात ताप आहे, मांडीवर किंवा फऱ्यावर सूज आहे आणि सूज दाबली की करकर आवाज येतो, तर तो फऱ्या. यात काही तासांचा प्रश्न असतो, तातडीनं प्रतिजैविक इंजेक्शन लागतं. फऱ्याची लस पावसाळ्याआधी दिली की हा प्रसंगच टळतो.

तोंडातून लाळ, जिभेवर फोड आणि खुरांच्या बेचक्यात जखमा असतील तर लाळ्या-खुरकूत. जनावर वेगळं बांधावं आणि दवाखान्यात कळवावं.

व्यायल्यानंतर एक-दोन दिवसांत दुभती गाय बसली, उठेना, मान पोटाकडे वळवून पडली, कान गार लागले, तर तो मिल्क फीवर, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम घसरलेलं असतं. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिलं की गाय बऱ्याचदा तासा-दोन तासांत उठते. उशीर झाला तर हातची जाते.

कुत्रा लंगडतोय, ताप आहे, नाकातून रक्त येतंय किंवा हिरड्या पांढऱ्या पडल्यात, आणि अंगावर गोचीड आहेत, तर गोचीड तापाची शंका घ्यावी. रक्त तपासावं लागतं. या तापात रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी कमी होतात, त्यामुळे तपासणीआधी सुया टोचणं धोक्याचंच.

आणि सर्वात महत्त्वाचं. कुत्र्याचे किंवा गाई-म्हशीचे मागचे पाय लटपटायला लागले, लाळ गळतेय, आवाज बदललाय, गिळता येत नाही, वागणं वेगळं वाटतंय, तर ते पिसाळण्याचं लक्षण असू शकतं. घशात काही अडकलंय समजून तोंडात हात घालू नये, स्वतः औषध पाजू नये. अंतर ठेवून पशुवैद्यकांना कळवावं. लाळ जखमेला लागली किंवा चावा झाला असेल, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी.

डाग आणि माणसाची गोळी: दोन्ही टाळा

'सुया टोचून बरं होतं, मग डागून का नाही?' असाही प्रश्न येतो. तापलेल्या सळईनं कातडी जळते, जखम होते, माश्या बसतात, किडे पडतात. दुखणाऱ्या पायाच्या जोडीला एक नवं दुखणं येतं. डागल्यावर जनावर काही दिवस हालत नाही, त्याला सक्तीची विश्रांती मिळते, आणि तेवढ्यानं जो फरक पडतो तो डागाच्या नावावर जमा होतो. विश्रांती डागल्याशिवायही देता येते.

दुसरी चूक त्याहून सोपी आणि त्याहून घातक. घरातली अंगदुखीची गोळी चपातीत घालून कुत्र्याला दिली जाते. मांजराच्या शरीराला पॅरासिटामॉल पचवता येत नाही, एका गोळीनंही मांजर मरू शकतं. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकनं कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंड निकामी होतं. कुत्रा काळी, डांबरासारखी शी करायला लागला तर आत रक्तस्राव चालू आहे असं समजून लगेच दवाखाना गाठावा.

गाई-बैलांच्या दुखण्यावरही कुठलंही वेदनाशामक चालत नाही. डायक्लोफेनॅक दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं तर गिधाडांचं मूत्रपिंड बंद पडतं. देशातली गिधाडं झपाट्यानं संपण्यामागचं हे मोठं कारण ठरलं, म्हणून जनावरांसाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवरही जनावरांसाठी बंदी घातली गेली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित ठरलेलं औषध आहे. ते किती आणि किती दिवस द्यायचं, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचं.

दुखतंय हे ओळखायचं कसं?

मुकं जनावर दुखणं सांगत नाही, दाखवतं. कुत्रा एकच जागा सारखी चाटतो, उठायला वेळ लावतो, हात लावला की गुरगुरतो. मांजर उंचावर उडी मारायचं सोडतं, अंग चाटून साफ करत नाही, कोपऱ्यात लपतं. गाय रवंथ कमी करते, दात खाते, पाठीची कमान करून उभी राहते, दूध कमी होतं. बैल एक पाय उचलून धरतो, जू खांद्यावर घेताना मागं सरकतो. 'वय झालं' किंवा 'नखरे करतोय' म्हणून हे सोडून देऊ नये.

सुया लावायच्याच असतील तर

पहिलं म्हणजे आधी तपासणी. गावच्या किंवा तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावं. जनावर हलवता येत नसेल तर फिरत्या पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. दुखणं गुंतागुंतीचं असेल तर महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने आहेत. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ आणि अकोला इथं अशी महाविद्यालयं आहेत. निघण्याआधी कोणत्या दिवशी कोणता विभाग चालू असतो, हे तिथं विचारून घ्यावं.

दुसरं, सुया लावणारा नोंदणीकृत पशुवैद्यक असावा. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा आहे आणि त्यानुसार जनावरांवर उपचार करायला नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. माणसांवर सुया लावणारा कितीही हुशार असला तरी कुत्र्याच्या छातीवर सुई किती खोल गेली की फुप्फुसाला लागेल, हे त्याला माहीत असेलच असं नाही. व्हिडिओ बघून घरी प्रयोग तर मुळीच करू नये.

तिसरं, सुया निर्जंतुक, नव्या पाकिटातल्या आणि एकदाच वापरायच्या. गाठीवर, पिकलेल्या किंवा खरजेच्या कातडीवर सुया लावत नाहीत. गाभण जनावराच्या काही जागा टाळतात. फीट येत असेल तर वीजप्रवाहाचा प्रकार टाळतात. म्हणून हे सगळं डॉक्टरांना आधीच सांगावं.

चौथं, किती वेळा यावं लागेल, प्रत्येक वेळचा खर्च किती आणि कितव्या वेळेला फरक दिसला नाही तर थांबायचं, हे सुरुवातीलाच ठरवून घ्यावं. गाडीभाडं धरून हिशेब करावा. चार-सहा वेळा जाऊनही व्हिडिओत फरक दिसत नसेल, तर पुढं तेच करत राहण्यात अर्थ नाही.

शहरात जाणं शक्य नसेल तर?

तरी बरंच काही हातात आहे. कुत्र्याचं वजन जास्त असेल तर ते उतरवणं हा सांधेदुखीवरचा मोठा उपाय आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, तिथं गोणपाट टाकावं. झोपायला दुमडलेली गोधडी द्यावी. एकदम लांब पळवण्यापेक्षा रोज थोडं थोडं चालवावं. ताजी लचक, सूज असेल तर पहिले एक-दोन दिवस गार पाण्याची पट्टी आणि जुन्या आखडलेल्या सांध्याला कोमट शेक. शेक आधी आपल्या मनगटावर लावून पाहावा.

बैलाला लंगडत असताना औताला किंवा गाडीला जुंपू नये, पेरणीची कितीही घाई असली तरी. चार दिवस शेजाऱ्याची जोडी मागून आणणं परवडतं, पण कायमचा लंगडा झालेला बैल परवडत नाही. गोठ्यात चिखल साचू देऊ नये आणि खुरं वेळच्या वेळी साळून घ्यावीत.

दुखणं नेमकं कशाचं हे कळलं, त्यावरचं मूळ औषध चालू झालं आणि मग जोडीला सुया लावल्या, तर म्हाताऱ्या मोत्याचे उरलेले दिवस सुखाचे जाऊ शकतात. त्याची सुरुवात होते ती तालुक्याच्या दवाखान्यातल्या तपासणीपासून.